दार लावायचा सीन

३ डिसेंबर
सिनेमावाले आले. ओटी, पडवी, पुढचं दार आठवडाभर त्यांचं. जेवणखाण बायकोकडे, सु.कडे. एवढी माणसं, तरी बाई खूश. दिग्दर्शक पुण्याचा, पोरगेलासा. शहाळं दिलं की दरवेळी थँक्यू म्हणतो.

४ डिसें.
आज गोष्ट कळली. नवरा-मूल सोडून दुसऱ्याबरोबर गेलेली बाई परत येते. नवरा दार लावतो. ती सरळ समुद्रात.
वेळणेश्वरात एवढी घरं, यांना आमचंच दार मिळालं. लेक मुग्धा तिसरीत असताना सु. अशीच गेली होती. काही महिन्यांनी परत आली ती राहिलीच. गाव बोलून बोलून थकलं. आम्ही दोघं मात्र त्यावर आजतागायत एक अक्षर बोललेलो नाही. या पोरांना कोणी सांगू नये म्हणजे झालं. आणि सु.च्या कानावर ही गोष्ट

५ डिसें.
गेलीच. नटी स्वयंपाकघरात बसून तिलाच विचारत होती, अशी बाई परत का येत असेल? सु. म्हणाली, भूक लागली असेल.
दुपारी वाढताना थेट दिग्दर्शकाला, "मारताय कशाला तिला?"
तो म्हणाला, लोकांना पटत नाही काकू, शिक्षा व्हायला लागते.
"जेवायला घाला नि निजवा. सकाळी उठेल नि चहा टाकेल."
सगळे हसले. मी पानातून मान वर केली नाही. पण खरं सांगायचं तर अभिमान वाटला. पिक्चरमधे बाप्या भटकून आला की बायको पान वाढते, वर गाणं. बाई आली की तिला समुद्र नाहीतर क्षयरोग. रोज आयता चहा पिणाऱ्या माणसाला हे जास्त कळतं.

७ डिसें.
नवरा झालेला नट मुंबईला गेला, दाराचा सीन राहिलेला. पाठमोराच घ्यायचा होता. माझी उंची जमते म्हणे. नाही म्हणायला हवं होतं.
नटी अंगणात, उन्हात. मी दार ओढलं, चार बोटं फट राहिली. परत. परत तेच. काका, पूर्ण लावा ना. आतून सु.चा आवाज, "लावा हो. शूटिंग आहे ते."
लावलं. कडीही घातली. पलीकडे ती पोर उभी, आणि कट काही म्हणेनात. मला राहवेना, उघडलं. म्हटलं, ये बाई आत, पाय भाजतील. ती आली. येताना खरंच रडत होती.
दिग्दर्शक म्हणाला, राहू दे हे. एडिटिंगला बघू.

८ डिसें.
समुद्राचा सीनही घेतला त्यांनी. दोन्ही शेवट आहेत आता त्यांच्याकडे.

१० डिसें.
गेले सगळे. घर सुनं वाटलं. दुपारी दोघं पडवीत सुपारी सोलत बसलो. सु. आपणहून बोलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
"मी तेव्हा आधी एकदा येऊन गेले होते. दार बंद दिसलं, कुंपणाच्या गडग्यापासूनच मागे फिरले. दुसऱ्यांदा आले तर सताड उघडं. म्हटलं, माझ्यासाठीच ठेवलंय."
श्रावण होता. लाकूड फुगलेलं, दार लागत नव्हतं. त्याच सकाळी खांदा लावून लावून मी थकलो होतो. लागलं असतं तर ती दुसऱ्यांदाही मागे फिरली असती, आणि मी आत बसून राहिलो असतो. देवाची कृपा म्हणायची की लाकडाची. कोणाची का असेना, मी जन्माचा ऋणी आहे.
खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाली, हाताकडे लक्ष द्या, बोट कापाल.
आमचं दार दर श्रावणात फुगतं. लग्न होऊन आल्यापासून ती बघते आहे.