मालकाच्या जागी एक आकडा

१४ नोव्हेंबर १९९८, शनिवार

पावणे एमआयडीसीतल्या कंपनीत टाइपरायटर जाऊन टर्मिनल आले, ते दिवस सकाळपासून आठवतायत. तेव्हा एकदा जेवणाच्या सुट्टीत माझा नवरा, वसंत, मशीनरूममधून आमच्या टायपिंग सेक्शनला आला. डब्यात सुका बोंबील. मी म्हटलं, "सगळ्या नाक मुरडतायत." तर म्हणाला, "मुरडू देत. इकडे बघ. फाइल कोणी वाचायची, कोणी बदलायची, ते तीन आकड्यांत. पहिला मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी दुनियेचा." बोंबलाचा तुकडा माझ्या पोळीवर ठेवला आणि ते आकडे बदलायची आज्ञा, chmod, शिकवली. मी म्हटलं, "बायको कुठल्या आकड्यात?" तर म्हणे, "बाई, कामाचं बोला."

संध्याकाळी जनीवन्सं आल्या, बोनकोड्याहून चालत. वसंताची धाकटी बहीण, पण जिने चढताना माझ्यापुढे. दारातूनच,
"वयनी, सुनीचा लगीन ठरला! हलदीला आयेचं धवलं पायजेत. दादानी त्या डब्यान भरून ठेवलंन ना?"

सुनी त्यांची मुलगी. डबा म्हणजे कॉम्प्युटर. सासूबाई गावच्या धवलारीण, लग्नविधीची गाणी म्हणजे धवळे गाणाऱ्या. लग्नात भटजीच्या आधी त्यांचा मान. त्यांच्या शेवटच्या दिवसांत वसंत रोज गावात जाऊन धवळे ऐकायचा, घरी येऊन इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा. आता तसं गाणारं कोणी नाही. वन्संना सुरुवात येते, शेवट येतो. "मधला इसारले गो."

मी लगेच हो म्हटलं.

१७ नोव्हें., मंगळ

वसंत गेल्यावर मशीन आज प्रथमच मी स्वतः लावलं. मे महिन्यात ते बंद पडलं तेव्हा मुलाने, अभयने, पुण्याहून येऊन विंडोज पुन्हा घातलं होतं; जुनी अकाउंटं त्यात पुसली गेली. वसंताला विंडोज आवडायचं नाही. त्याने वर कंपनीतल्या युनिक्ससारखं शेल बसवलं होतं, अभयने तेही परत घातलं. काळा पडदा, जुन्या आज्ञा. "नव्या घरात आपली जुनी चूल," म्हणायचा.

चूल पेटली. ls -l केलं, फाइलींची यादी आली. फोल्डर आहे. दोन फाइली, dhavle आणि nalu. नलू तो मला म्हणायचा. मालकाच्या जागी वसंताचं नाव हवं. नाही. एक लांबलचक आकडा.

dhavle उघडत नाही. Permission denied. chmod करून पाहिलं, तेच.

अभयला फोन. "आई, बाबांनी 600 करून ठेवलंय. गेम टाकताना कुणीतरी एक फाइल उडवली होती ना, तेव्हापासून. मालकाशिवाय कोणी नाही."
मी म्हटलं, "मग बाबांचं अकाउंट परत कर. कंपनीत ते तसंच करायचे. कुणाचं नाव पुसलं गेलं तर जुनाच नंबर देऊन माणूस पुन्हा करायचा. फाइली त्याला ओळखतात."
"बघतो. रविवारी येतो."

२२ नोव्हें., रवि

अभयने vasant नावाचा माणूस पुन्हा केला. पासवर्ड मी सांगितला, bombil. अभय हसला, मग चष्मा पुसत बसला. आत गेलो. वेड्यासारखं वाटलं, की आता

Permission denied.

"आई, चूल वरवरची आहे गं. खाली विंडोजच. ते नंबर स्वतः ठरवतं, आणि गेलेला नंबर पुन्हा कुणालाच देत नाही. नाव तेच, पण हा माणूस त्याच्यासाठी नवा."
मग उपाय सांगितला. माझ्या अकाउंटला तो हक्क देईल. मी मालकी माझ्याकडे घ्यायची, मग chmod चालेल.
"आणि काम झाल्यावर परत बाबांच्या नावावर?"
"घेता येते आई. देता येत नाही."

सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर, गॅसवर, विजेच्या बिलावर, सगळीकडे त्याच्या जागी मी. दाखवतील तिथे सही केली. हे एवढंच राहिलंय.
म्हटलं, आज नको. अभय चिडला. "तो नंबर आहे आई. बाबा नाहीत." न जेवता गेला. वांग्याची भाजी तशीच.

२५ नोव्हें., बुध

मी टाळत आलेल्या ऑपरेशनबद्दल डॉक्टर म्हणाले, आता लांबवू नका. तीन तारीख, गुरुवार. म्हणजे सुनीच्या हळदीला मी नसेन.

वन्सं आल्या. "मंग, वयनी?" आता खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. नावाचंही. वाटलं, हसतील.
हसल्या नाहीत. "माझ्या आयेचा नाव कवा व्हता गो कोनच्या कागदावर? तरी लगनान सगली तिचाच नाव घेतान."
जाताना ताटावरचं झाकण उघडून मी किती जेवले ते बघून गेल्या.

२८ नोव्हें., शनि

dhavle माझ्या नावावर घेतली. फक्त तेवढीच. अभय फोनवर एकेक पायरी सांगत होता, हळू आवाजात. पुन्हा ls -l. आकड्याच्या जागी nalini.
रडले नाही. chmod हातातून आपोआप गेलं.

धवळे उघडले. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मला ती बोली कधी धड बोलता आली नाही. सासूबाई म्हणायच्या, "सून इंग्रजी हाय माझी." वन्संसमोर मोठ्याने वाचत होते, त्या माझे शब्द दुरुस्त करत होत्या. मध्येच ओळी संपल्या. तिथे वसंताने लिहिलंय: इथे आय थांबली. खोकला. पुढचं जनीला विचारणे.

तेही वन्संना वाचून दाखवलं. त्यांना हसू फुटलं. "मना इचारायचा? दादूस, आन मी तुला इचारतंय!" हसता हसता पदर तोंडाला लावला. चहा उतू गेला, दोघीही उठलो नाही. थांबलेल्या ओळीच्या आधीची ओळ त्या परत परत गात होत्या. पुढची येईना.

२ डिसें., बुध

बॅग भरली. अभय न्यायला येईल. त्याच्यासाठी हे.

धवळ्यांच्या छापील प्रती वन्संना आणि सुनीला. मधली जागा कोरीच ठेवली आहे, कोणी रचून भरू नये. वन्संना आठवलं तर त्यांच्या हाताने.
वसंताचा स्टीलचा डबा सुनीला. नोकरीवर नेईल. वास राहिलाय थोडा, तिला चालेल.
राखाडी स्वेटर वन्संच्या यजमानांना.
कॉम्प्युटर अभयला. पुसू नये.

nalu फाइल मी घेतलेली नाही. लहानशीच आहे. तिच्यापुढे अजून त्याचा आकडा आहे. काल बराच वेळ बघत होते. घरी आले तर ठरवीन.
नाही आले तर अभय, तुझ्या नावावर घे. मग chmod कर. मालकाला सगळं, गटाला वाचायला, दुनियेला काही नाही. जनीवन्संना गटात घे.