अठरावा नियम आणि स्वतःचा व्याही

आदरणीय वहिनींस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नसल्याने तो कागदावरच पूर्ण केला आहे असे समजावे.) इकडे आम्ही दोघे ठीक. आपल्या गुडघ्याची शस्त्रक्रिया एकोणीस तारखेस ठरली हे पत्रावरून कळले. रुग्णालयाच्या फॉर्मवर ‘जवळचे नातेवाईक’ या रकान्यात आपण रेघ मारल्याचेही कळले, आणि त्या जागी कोणाची तरी सही असल्याशिवाय शस्त्रक्रिया होत नाही हेही कळले. या रेघेविषयी मला बोलायचे आहे. परंतु मुद्द्यांचा क्रम सोडणे माझ्या स्वभावात नाही, म्हणून आधी माझ्या प्रोग्रामविषयी.

निवृत्तीनंतर छंद म्हणून मी संगणकावर ‘नातेदर्शक’ रचला, हे आपण जाणताच. दोन नावे द्यावीत, त्याने नाते सांगावे. तीनशे बारा माणसे, सतरा नियम, सारे निर्दोष. अठरावा नियम आपला. आपण म्हणाला होता, “भावजी, मानलेल्यांची वेगळी रांग लावणार असाल, तर माझं नाव आधी खोडा.” तेव्हा मी मुकाट्याने लिहिले: मानलेले नाते सख्खेच समजावे. (चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने वहिनीला घाबरून एक गृहीतक स्वीकारले, हे वर्गात कोणाला सांगू नये.)

अकरा वर्षे सुरळीत गेली. गेल्या महिन्यात मात्र माझ्या मानलेल्या मुलाचे, म्हणजे त्या लांबोडक्या विद्यार्थ्याचे, शिंपीणबाईंच्या लेकीशी लग्न झाले. आणि ती माझी मानलेली मुलगी. मी ही नोंद केली व सहज स्वतःचेच नाव दोनदा दिले. नातेदर्शक उत्तरला: ‘आपण आपले स्वतःचे व्याही आहात.’ नऊ दिवस मी चूक शोधली. चूक नव्हती! युक्तिवाद शुद्ध, निष्कर्ष अशक्य. म्हणजे गृहीतक खोटे. जुना प्रोग्राम बंद करून केवळ रक्त आणि विवाह मानणारा नवा रचायचे मी ठरवले.

बंद करण्यापूर्वी जुन्याची उत्तरे मोजली. ‘यांच्यात कोणतेही नाते आढळले नाही’ हे वाक्य मी फार काळजीपूर्वक लिहिले होते, ऐकणाऱ्यास लागू नये अशा बेताने. अकरा वर्षांत, सहा हजारांवर प्रश्नांत, ते एकदाही वापरले गेले नव्हते. वहिनी, मी तीनशे बारा माणसे गोळा केली होती, आणि त्यांत एकमेकांची कोणी नाहीत अशी दोन माणसेदेखील नव्हती! हे मी रचले नव्हते. माझ्या हातून ते नुसते लिहिले गेले होते.

तरीही हट्टाने नवा पूर्ण केला. चार दिवसांत, आरशासारखा स्वच्छ. पहिली चाचणी म्हणून आपले व माझे नाव दिले. कैलासवासी दादा मुळात आमच्या शेजारच्या खोलीतले भाडेकरू. मी त्यांना दादा म्हणालो म्हणून ते दादा झाले आणि आपण वहिनी. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण ते काळजीपूर्वक लिहिलेले वाक्य पडद्यावर प्रथमच उमटले, आणि माझ्याने वाचवेना. मागे उभ्या असलेल्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अकरा वर्षं टक टक करून हेच शोधलंत? पुसा आधी ते!”

मी पुसले. इतक्या उघड खोट्या निष्कर्षाला पोहोचणाऱ्याचे गृहीतकच खोटे असले पाहिजे. नवा प्रोग्राम अशा प्रकारे जुन्याच्या आधी निवृत्त झाला. त्यानंतर जो येईल त्यात अठरावा नियम पहिला असेल, आणि मी स्वतःचा व्याही राहीन. मानपान परस्पर मिटेल.

आपला,
भावजी

ता. क. विनंती एवढीच की ती रेघ खोडून तेथे माझे नाव व ‘दीर’ असे लिहावे.

ता. क. दुसरा. वरील विनंती केवळ शिष्टाचारापुरती. हे पत्र टाकण्यापूर्वी मी रुग्णालयात जाऊन आलो आणि सही करून आलो. खिडकीतल्या बाईंनी विचारले, “सख्खे दीर का?” मी “हो” म्हणालो. कारणे द्यावी लागली नाहीत.