जपानी पिक्चरमध्ये जाळं नव्हतं

मोनाचे बाबा,

गंजात भात हाये, वांग्याची भाजी झाकून ठेवली. मी मोनाले घेऊन करडीले मायकडे चालली.

काल तुमी तिले भंडाऱ्याले टाकीजमध्ये तो समुद्राखालचा जपानी कार्टून पिक्चर दाखवाले नेलं. पिक्चरमध्ये काय होतं विचारलं, तं तुमी म्हणाले, मोठं जाळं टाकलं अन् ढिगानं मासे काढले. आज मोना सांगते, त्यात कोणी मासे धरतच नाही, मासे पोरायसंग बोलतात. जाळं कुठंच नाही. रोज तलावात मासे धरता, म्हणून समुद्र म्हटलं का तुमाले जाळंच सुचते.

मंग तिच्या फ्राकच्या खिशात पाहिलं, तं एकच तिकीट. पोरगी म्हणते, मले खुर्चीत बसवून बाबा गेले, लाईट लागल्यावर आले. आठ वर्षाच्या लेकराले एकटं बसवून दोन तास कुठं होते तुमी? अन् घरी आल्याबरोबर सदरा सोताच्या हातानं कायले धुतला? बारा वर्षांत कधी धुतला नाही.

तुमचं जाळं मी संग नेऊन राहिली. ते घ्यायले याल तवाच सांगा, कुठं होते ते.

पिक्चरमधली पोरगी समुद्राच्या तळाले जाऊन आली, तरी घरी येऊन मायले सारं खरं सांगते म्हणे. तुमी तं भंडाऱ्यापर्यंतच गेलते.

ज्योत्सना