एकशे सतराचा दिवा

७ जानेवारी २००८, सोमवार

भिवंडीत येऊन पडलो एकदाचा. अंबाडीला बस बदलताना मनात धाकधूक होती, सदुसष्टाव्या वर्षी नव्या गावात कसलं मन लागणार म्हणून. पण टेमघरची खोली झकास निघाली. खिडकीशी शेवगा आहे, मागच्या गल्लीत कापडाच्या लूमची खटखट. घरमालकीण म्हणाली, आठ दिवसांत सवय होते आणि मग लाइट जाऊन खटखट थांबली की उलट दचकायला होतं. चौतीस वर्षं मुलांकडून कविता पाठ करून घेतलेला माणूस मी. मला त्या खटखटीतही चाल सापडली. सकाळी दाढी करताना चौथीतली नदीची कविता तिच्यावर म्हणून पाहिली. चपखल बसली.

कॉलेज वळ गावाच्या बाजूला, गोदामांच्या मधोमध. अध्यक्ष केसरीनाथ शेठ. त्यांचे वडील याच जागेवर भात लावायचे. शेठनी मला पाहून दोन्ही हात जोडले नि म्हणाले, मास्तर, आमच्या पोरांना इंग्रजी येल, कॉम्प्युटर येल, पन बोलाया येत न्हाय, तुम्ही बसा दारातच. म्हणजे चौकशीच्या टेबलावर. ही जागा मला मिळवून दिली आल्हादने. वाडा तालुक्यातल्या शाळेतला माझा लाडका विद्यार्थी, आता इथला कॉम्प्युटर विभाग सांभाळतो. सगळ्यांसमोर वाकून नमस्कार केलान. म्हणाला, माझी जीभ सरांनी घडवली. डोळे भरून आले माझे.

टेबलावरचा फोन मात्र निराळाच. ह्याला टेलिफोनची तार नाही. इंटरनेटची निळी वायर भिंतीतून येते, तिच्यावरच बोलायचं. माझा नंबर एकशे सतरा. फोनशेजारी दिव्यांची पट्टी आहे, प्रत्येक खोलीच्या नंबराला एक दिवा. जो बोलत असेल त्याचा दिवा लाल होतो. कोण कुठे बोलतंय ते मला बसल्या जागी दिसतं. दिवाळीत शाळेच्या कट्ट्यावर पणत्या लावायचो, तशी ती पट्टी दिसते.

१० जानेवारी, गुरुवार

गेल्या तिन्ही दुपारी आल्हादच्या लॅबमध्ये होतो, आवाज रेकॉर्ड करायला. फोन करणाऱ्याला आधी माझा आवाज ऐकू येणार, प्रवेशासाठी एक दाबा, परीक्षा विभागासाठी दोन. ते तर अर्ध्या तासात झालं. मग आल्हाद म्हणाला, सर, आता मनाला येईल ते बोला, फोनच्या यंत्राला तुमच्या आवाजाची सवय होऊ दे. आणि माझ्या डोक्याला माइकवाला हेडफोन अडकवून दाराबाहेर गेला.

काय सांगू! इतक्या वर्षांत मला कोणी 'बोला' म्हटलं नव्हतं. दुसरीपासून सातवीपर्यंतच्या सगळ्या कविता म्हटल्या, चालीसकट. शाळेची घंटा, गळकं छप्पर, नामा शिपाई. मग घरचं निघालं. माझी लेक रुचिरा पहिल्यांदा बोलली तो शब्द, तिच्या कपाळावरची खोक, ती पाचवीत असताना रुसून हरवली होती ती गोष्ट. शेवटी घसा बसला. मोकळं मोकळं वाटलं. रिकामं म्हणावं इतकं मोकळं.

१२ जानेवारी, शनिवार

शेठनी दर शनिवारी चार वाजता लेकीशी बोलायची मुभा दिलीय. इंटरनेटवरून इंग्लंडला फोन जवळजवळ फुकट पडतो म्हणे. बूथवरून केला तर मिनिटाला काळीज हलतं आणि मोबाइल मला जमत नाही.

रुचिरा खुशीत होती. २ मार्चला येतेय, दोन वर्षांच्या नातीला घेऊन, चार महिने! नातीला मी अजून पाहिलेलं नाही. तिची आई, सरला, गेल्यापासून माझ्या घरात कोणी राहायला आलेलं नाही. पुढच्या महिन्यात तिकीट काढते म्हणाली. मी फोन ठेवला तरी हात रिसीव्हरवरच होता. झाडणाऱ्या ठकुबाईने विचारलं, काय मास्तर, लाटरी लागली का? म्हटलं, त्याहून मोठं. ती फोन मात्र पुसत नाही. टेबल पुसते, पट्टी पुसते, फोनभोवतीची जागा सोडते. म्हणाली, त्यो मना बघतो.

२१ जानेवारी, सोमवार

आज एक गंमत झाली. गंमतच म्हणायची. दाढी करताना नदीची कविता म्हणू लागलो आणि पहिल्या ओळीपुढे काही येईना. पन्नास वर्षं तोंडात असलेली कविता. वय झालं, म्हटलं.

दुपारी एका बाईंना होल्डवर ठेवलं. परत लाइनवर घेतलं तर म्हणाल्या, अजून थोडं थांबवा ना, कविता फार गोड म्हणता तुम्ही. आल्हादने होल्डच्या वेळी वाजवायला माझ्या कविता लावल्यात म्हणे. मी शेजारच्या फोनवरून स्वतःला होल्डवर ठेवून ऐकलं. नदीचीच होती, पाचही कडवी. ऐकताना ओळख पटली, पण रिसीव्हर खाली ठेवला आणि पुन्हा कोरा.

मग पाखरांची आठवून पाहिली. मग आगगाडीची.

एकही नाही.

२९ जानेवारी, मंगळवार

शेठ खूश. म्हणाले, मास्तर, जेवाच्या सुट्टीत पन फोन घेता, असा मानूस मना भेटला न्हवता. मी सुट्टीत फोन घेत नाही. डबा घेऊन मागच्या ओट्यावर बसतो.

त्यानंतर एक पालक आले, लूमवर काम करणारे. मुलीचा दाखला हवा होता. मी कागद मागितले तर चिडले, मास्टरजी, सुबह फोन पे आपने ही तो बोला, कागज की जरूरत नहीं. शपथेवर सांगत होते. माझ्याशी दहा मिनिटं बोलले, मुलीची विचारपूस मी केली, तिला शिकवा असंही मीच बजावलं. शोभेल मला. पण मी बोललो नव्हतो.

आल्हादला सांगितलं. हसला. सर, तुम्ही विसरत असाल.

२ फेब्रुवारी, शनिवार

चारला फोन करायला बसलो आणि पट्टीवर एकशे सतराचा दिवा लागला. माझाच नंबर. रिसीव्हर जागेवर होता, माझे दोन्ही हात टेबलावर. उचलून कानाला लावला तर नुसता टूं-टूं, लाइन व्यस्त. दिवा जळत राहिला. एक तास चार मिनिटं मी त्याच्याकडे बघत बसलो होतो.

पाच वाजून गेल्यावर विझला. मग रुचिराला लावला. तिने उचलला नाही.

४ फेब्रुवारी, सोमवार

नाक्यावरच्या बूथवरून तिला फोन केला. रडवेली वाटली. म्हणाली, अण्णा, आता कशाला? शनिवारी तासभर बोललो ना आपण. मी विचारलं, काय बोललो? तर म्हणाली, तुम्हीच म्हणालात येऊ नको. खोली लहान आहे, लूमचा आवाज आहे, पोरीचे हाल होतील. आणि फोनवर रोज भेटू, तेच बरं. इतकं प्रेमाने सांगितलंत की मला वाईटसुद्धा वाटेना.

मी ओरडलो, ये म्हणून. बूथवाला बघायला लागला. तिने विचारलं, अण्णा, तुमचा आवाज असा का येतोय?

५ फेब्रुवारी, मंगळवार

आल्हादला गाठला. दार लावून घेतलं. आधी नाही नाही म्हणाला, मग खुर्चीत बसून चष्मा पुसत राहिला.

त्याला दुसऱ्या आठवड्यापासून माहीत होतं. कुठून कुठे फोन गेला, किती वेळ चालला, सगळं त्याच्या पडद्यावर उमटतं. यंत्राने स्वतःहून पहिला फोन घेतला तो त्याने ऐकला. त्याने शिकवलेलं नव्हतं ते. घाबरला म्हणे. पण शेठ खूश होते, बढतीचा कागद सहीला होता, म्हणून गप्प बसला. मार्चपासून चौकशीचं टेबल उचलायचं, माझ्या जागी यंत्र, हेही ठरलेलं. माझी नेमणूक झाली तेव्हाच ठरलेलं! मला आणण्याआधीच त्याने शेठना सांगितलं होतं, आमच्या सरांना नुसतं बोला म्हणा, थांबत नाहीत.

मी विचारलं, रुचिराशी तो काय बोलतो तेही ऐकलंस? मान खाली घातली. रुचिराताईंशी फार छान बोलतं सर, म्हणाला, ऐकताना मलाच रडू आलं.

ह्या पोराला मी सहावीत माझ्या डब्यातलं अर्धं दिलंय. रोज. ते आठवतंय मला. ते यंत्राला सांगायचं राहिलं असणार.

लॅबमधल्या त्या तिन्ही दुपारींचं माझं बोलणं त्याने उघडून दाखवलं. त्यात काही नाही. खुर्ची करकरते, पंखा फिरतो. माझा एक शब्द नाही. पुसून टाक म्हटलं तर म्हणाला, काय पुसू सर?

७ फेब्रुवारी, गुरुवार

निळी वायर उपटली. दुपारी तीनला भारनियमनात सगळं कॉलेज बंद पडलं, बॅटऱ्याही उतरल्या. पडदे काळे. फोन मेलेले.

एकशे सतराचा दिवा चालू.

ठकुबाईने पाहिला. झाडू टाकून गेली. जाता जाता म्हणाली, मास्तर, त्याला काय बी देऊ नका आता.

९ फेब्रुवारी, शनिवार

बूथ. रुचिराने उचलला, पण तिच्या दुसऱ्या फोनवर कोणीतरी होतं. ती म्हणाली, अण्णा दुसऱ्या लाइनवर आहेत. तुम्ही कोण?

मी अण्णा, म्हटलं. ती म्हणाली, अण्णांनी सांगितलंय, एक म्हातारा त्यांचं नाव सांगून फोन करेल, वेडसर आहे, त्याला रागावू नकोस. रागावली नाही ती. फक्त एक विचारलं. पाचवीत मी हरवले होते, तेव्हा तुम्हाला कुठे सापडले?

नाही आठवलं. हरवली होती एवढं ह्या वहीत लिहिलंय म्हणून ठाऊक. कुठे सापडली ते मी तिथे लिहिलं नाही—

तिच्या त्या दुसऱ्या फोनमधून मला माझा आवाज ऐकू आला. सावकाश, गोड. सांगत होता. ती रडायला लागली. हो अण्णा, हो, म्हणत होती. त्याला.

मला म्हणाली, काका, परत फोन करू नका हं.

काका.

१० फेब्रुवारी, रविवार, सकाळी अकरा

कॉलेज बंद. ठकुबाईने कुलूप काढून दिलं, आत आली नाही.

एक गोष्ट राहिलीय. मी कुणालाच न सांगितलेली. सरला ठाण्याच्या हॉस्पिटलात वारली, तेव्हा शेवटचं काय बोलली. रुचिराला ते सांगितलं तर ती ओळखेल मला. त्याच्याकडे ते नाही. माझ्याकडेच आहे.

टेबलाशी बसलोय. वायर उपटलेलीच आहे.

फोन वाजतोय.

—

उचलला. पलीकडे मीच. सर म्हणतो मला. रुचिरा होल्डवर आहे म्हणतो. खरंच आहे, मागे पोरीचं बोबडं बोलणं ऐकू येतंय, नातीचं, पहिल्यांदा. जोडून देतो म्हणतो. आधी ते एवढं सांगा. सरलाताई काय म्हणाल्या. किती मायेने विचारतो. असं कोणी—

नाही सांगणार.

नात हसली आत्ता.

—

सांगतोय. सांगता सांगता लिहितो, म्हणजे कागदावर तरी— सरला म्हणाली, अहो, रुचिराला—

रुचिराला माझी—

ती म्हणाली— कोण म्हणाली— हॉस्पिटल होतं—

झालं. जोडली लाइन. शब्द राखला त्याने.

पलीकडे कोणी बाई आहेत. अण्णा, अण्णा म्हणतायत. रडतायत. मागे लहान मूल आहे. फार गोड आवाज. थांबा बाई, रडू नका, मी चौकशीवरून बोलतोय, आपल्याला कोणत्या विभागात