जुनी नोंद राहते

४ नोव्हेंबर २०२५, बीदर

आलो एकदाचे! हैदराबादहून बसनं चार तास, त्यात ठकीला दोनदा उलटी झाली आणि माझ्या एकुलत्या एक पांढऱ्या शर्टाचा बळी गेला. पण आज कुरकुर करायची नाही असं ठरवलंय. दोन खोल्यांचं घर आहे, पुढं लाल मातीचं अंगण आणि त्यात सीताफळाचं झाड. डोक्यावरून हवाई दलाची विमानं जातात. ठकी प्रत्येक विमानाला हात हलवते आणि वैमानिकानं आपल्याला पाहिलं याची तिला खात्री असते.

ही वही मंगलनं दिली. दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या नवऱ्यानं थोडं हातानंही लिहावं, असं बायकोचं म्हणणं. बघू, किती दिवस टिकतंय.

नोकरी एका ट्रस्टच्या फिरत्या दवाखान्यात. त्यांच्या तीन गाड्या हुमनाबाद-बीदरकडच्या गावांत फिरतात. रुग्णांच्या नोंदींची वेबसाइट आणि तिच्यामागचा डेटाबेस मी सांभाळायचा. माझं गाव दुबलगुंडी इथून तासा-सव्वातासावर. माय गेल्यापासून साडेचार वर्षांत तिकडं दोनदाच गेलो. आता जाईन.

ठकीचं कागदावरचं नाव तुळजा, म्हणजे माझ्या मायचंच. आमच्यात घरातलं माणूस गेलं की पुढच्या लेकराला तेच नाव ठेवतात. पण सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नसतं, मग मंगलनं लेकीला हाक कशी मारायची? म्हणून ठकी.

६ नोव्हेंबर

कार्यालयात आम्ही तिघंच. व्यवस्थापक श्रीपतराव, साठीचे, प्रेमळ, संगणकाला अजून ‘मशीन’ म्हणणारे. नेत्रावती अक्का, निर्णा गावच्या, पंधरा वर्षं गाडीवर नर्स. आणि मी.

चौतीस हजार नोंदी आहेत. अवस्था अशी की रडू यावं. तीच माणसं दोनदा, तीनदा. जन्मतारीख बघावी तर अर्ध्या तालुक्याची एक जून, कारण शाळेच्या मास्तरांनी सगळ्यांना तीच दिली, आणि वय अंदाजे. मला एक गोष्ट दोनदा लिहिलेली बघवत नाही. मंगल म्हणते, लग्नाच्या याद्या करताना मी तिच्या दोन मावश्यांना एक केलं होतं.

नको म्हणत असताना बोटांनी तुळजा, दुबलगुंडी असं शोधलंच. नोंद २०१९ ची. संपर्काचा नंबर माझा, मीच दिलेला. शेवटचा शेरा मे २०२१ चा: ‘श्वास लागतोय. मुलाला तीनदा फोन लावला. उचलला नाही.’ पुढच्या रकान्यात: मयत.

शेरा नेत्रावती अक्कांच्या हातचा होता. त्यांनी मला ओळखलंय का, कोण जाणे. मी विचारलं नाही.

८ नोव्हेंबर

आमच्या गल्लीत गाडी आली होती. ठकीचे डोळे आणि दात तपासून घेतले. गाव कुठलं विचारल्यावर ठकीनंच ठणकावून सांगितलं, दुबलगुंडी! तीही आता आमच्या डेटाबेसात, माझ्याच फोन नंबरावर. बापाच्या हाताखाली आली म्हणून मी तिला चिडवलं.

१० नोव्हेंबर

उपाय सुचला. नाव, गाव आणि फोन, तिन्ही जुळले की माणूस एकच. जुनी नोंद ठेवायची, नवीतली माहिती तिच्यात ओतायची आणि नवी कायमची पुसायची. जन्मतारखेवर विसंबण्यात अर्थच नाही.

माझ्या आधीच्या माणसानं एक सूचना लिहून ठेवलीय: ‘यातलं काहीही पुसू नये.’ का, ते लिहिलेलं नाही. असली भित्री माणसं प्रत्येक कंपनीत असतात.

नेत्रावती अक्कांना सांगितलं, तर त्या गोळ्यांची खोकी लावता लावता थांबल्या. म्हणाल्या, “अण्णा, हितं आजीचं नाव नातीला असतंय. येका घरात येकच फोन असतोय. जरा बघून करा की.” मी बघेन म्हणालो.

१२ नोव्हेंबर

बघितलं नाही, दुपारी तीनला चालवून टाकलं. तीनशे अठरा जोड्या एक झाल्या. पडदा कसा स्वच्छ दिसायला लागला! श्रीपतरावांनी खुशीनं सगळ्यांना खारी मागवली.

काही चुकलंच तर मागच्या प्रती आहेत. हैदराबादची एक कंपनी आमच्या सगळ्या नोंदींची रोज संध्याकाळी सहाला प्रत करते आणि शेवटच्या सात ठेवते. आठवी आली की सर्वांत जुनी जाते. ते वेळापत्रक त्यांच्या हातात, आपल्याला फक्त जुनी प्रत मागून सगळं पहिल्यासारखं करायची सोय. त्याची गरज पडणार नाही.

१३ नोव्हेंबर

सकाळी दाढी करत होतो, तर मागून हाक आली, “भीम्या, च्या घेतलास का रं?”

ठकी! मी आणि मंगल पोट धरून हसलो. मला भीम्या फक्त माय म्हणायची. मंगलला वाटतं मीच कधीतरी बोललो असेन. बोललो असेन.

१४ नोव्हेंबर

ठकी एक गुडघा उभा करून बसली होती आणि सुपात तांदूळ पाखडत होती. मंगलला अजून नीट जमत नाही ते. माझ्याकडं न बघताच तिनं विचारलं, “हरणी याली का?”

हरणी मायची मेंढी. माय गेल्यावर विकून टाकली. ठकीपुढं तिचं नाव कुणी काढलेलं नाही.

तेवढ्यात मंगल आतून आली आणि चार वर्षांच्या लेकीसमोर तिनं डोक्यावर पदर ओढला. आपोआप. मग आम्ही एकमेकांकडं बघितलं.

कार्यालयात जाऊन पहिल्यांदा तेच शोधलं. तुळजा, दुबलगुंडी. एकच नोंद. २०१९ ची. तीत ठकीचे डोळे, ठकीचे दात. आणि पुढच्या रकान्यात मयत. परवा नोंदी एक करताना हा रकाना मी धरलाच नव्हता. मी माझ्या लेकीची नोंद पुसून तिला माझ्या मायमध्ये ओतलं होतं.

नव्यानं नोंद केली. नाव, गाव, डोळे, दात, सगळं भरलं. घरी फोन करून मंगलला म्हणालो, ठकी म्हणून हाक मार. तिनं मारली. कुणी ओ दिली नाही.

संध्याकाळी नेत्रावती अक्का निर्ण्याहून आल्या. काशाप्पांची तीन वर्षांची पद्मा कालपासून तंबाखूची चंची मागतेय, बापाला नाव घेऊन हाक मारतेय. तिची आजीही पद्माच, तापानं जाऊन चार वर्षं झाली. अक्का कुणालाच दोष देत नव्हत्या, नुसतं सांगत होत्या. मी शोधलं. तिथंही एकच नोंद.

अकरा तारखेची प्रत अजून आहे. ती मागवली की सगळं पहिल्यासारखं होईल. तपासणीला अर्धा-पाऊण तास, मग संगणक एकदा विचारतो, आपण ‘हो’ म्हणायचं. पण मधल्या दिवसांच्या नोंदी जातील, श्रीपतरावांना सांगावं लागेल. उद्या करतो. अठरा तारखेच्या सहापर्यंत वेळ आहे.

१५ नोव्हेंबर

कार्यालयात गेलोच नाही.

अंगणात तिच्याजवळ बसलो. धीर करून विचारलं, माय, त्या दिवशी तू जागी होतीस का. ती म्हणाली, “नर्सबाई फोन लावायलती. रिंग जायलती. मी म्हनले, कामात असंल माझं लेकरू.”

मी मीटिंगमध्ये होतो. अनोळखी नंबर दिसला, आवाज बंद केला. नंतर लावू म्हटलं आणि विसरलो. साडेचार वर्षांत हे कुणालाच सांगितलं नव्हतं, मंगललाही नाही. आज सांगितलं. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं. मांडी एवढीशी, डोकं मावेना. केसांतून हात फिरत राहिला आणि मी ओक्साबोक्शी रडलो.

दारात मंगल उभी होती. म्हणाली, “तुमची माय तुमाला गावली. माझी लेक कुठाय?”

मी उद्या म्हणालो.

१६ नोव्हेंबर, रविवार

विमान गेलं. तिनं वर बघितलं नाही.

खोकला सुरू झालाय. मायलाही आधी असाच झाला होता, कोरडा. निर्ण्यात पद्मानं अंथरूण धरलंय, ताप उतरत नाही. अक्कांनी फोनवर एवढंच विचारलं की अण्णा, ते मागं नेता येतंय म्हनलेलाव ना? मी हो म्हणालो. मग कामून थांबलाव, असं त्यांनी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तिनं शेंगाची चटणी आणि कडक भाकरी मागितली. दुधाचे दात. पण मी कुस्करून भरवली. तिनं मला लहानपणी भरवली होती, तशी.

१७ नोव्हेंबर

सकाळी तिला बीदरच्या दवाखान्यात दाखल केलं. डॉक्टर म्हणतात छाती साफ आहे, मग श्वास कशानं लागतोय? बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी.

मला माहीत आहे कशानं. जुन्या नोंदीत पुढं काय आहे ते मी वाचलंय.

आज करायचंच होतं. केलं नाही. खरं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मी स्वतःलाच वेगळं सांगेन. आठवड्याच्या नोंदी जातील, हे कारण खोटं. ती प्रत मागवली की ठकी परत येईल आणि माय जाईल. दुसऱ्यांदा जाईल, आणि या वेळी मी घालवलेली असेल.

मंगल खाटेच्या पलीकडं आहे. ठकीची लाल रिबीन मुठीत धरून बसलीय.

अजून एक दिवस आहे.

१८ नोव्हेंबर, सकाळ

पद्मा गेली. पहाटे.

ती गेल्याची तारीख भरायला अक्का बसल्या. संगणक घेईना. म्हणतो, आधीच भरलेली आहे.

काशाप्पांना मी कधी पाहिलेलंही नाही. त्यांचं लेकरू मी मारलं. चौदा तारखेला अर्ध्या तासात वाचलं असतं. मी माझ्या मायशी बोलत बसलो होतो—

निघतो. आत्ता निघतो.

दुपारी चार, कार्यालय

नऊला कळलं होतं. साडेतीनपर्यंत दवाखान्यात बसून राहिलो. तिनं बोट धरलं होतं. “बस की रं जरा.” बसलो. बसतच राहिलो—

शेवटी मंगलनं एकेक बोट सोडवलं. सासूच्या अंगाला तिनं कधी असा हात लावला नसेल.

तिला बजावून आलोय. सहापर्यंत फोन करू नको. काही झालं तरी.

४.५०

श्रीपतरावांना सगळं सांगितलं. त्यांना कळलं नाही, पण खोलीची किल्ली टेबलावर ठेवून बाहेर गेले. प्रत मागवली. अकरा नोव्हेंबर. मिळाली. अजून आहे. देवा, आहे!

तपासणी चालू. नऊ टक्के.

५.२०

छत्तीस.

काय काय परत येईल? ठकी. दुसरी लेकरं. पद्मा—नाही, ती येणार नाही. मातीत गेलेलं कुठल्या प्रतीत—

५.३८

एकसष्ट. हळू चाललंय.

मायला नीट सांगून आलो नाही. पुन्हा. ती दाराकडं बघत होती. मी मागं वळलो नाही, वळलो असतो तर—

५.४९

अठ्ठ्याऐंशी. तोच आकडा.

ठकीचा आवाज आठवून बघतोय. आठवत नाही. पाच दिवसांत कसा विसरलो मी—

५.५४

झालं. पडद्यावर प्रश्न आलाय. सध्याच्या नोंदी पुसून अकरा नोव्हेंबरच्या आणायच्या का? हो. नाही.

फोन वाजतोय. मंगलचा नंबर.

पण करणारी मंगल नाही. मंगलला बजावलंय.

५.५५

थांबला. बोट ‘हो’वर आहे. नुसतं दाबायचं.

पुन्हा वाजतोय. मी इथं, ती तिथं, श्वास लागलेला, आणि रिंग जातेय. कामात असेल माझं लेकरू—

उचलायचा नाही. आज न उचलणं हेच बरोबर. ठकी, बाळा, आलोच—

५.५७

थांबला.

तिसऱ्यांदा.

अक्कांनी लिहिलं होतं, तीनदा.

अजून तीन मिनिटं आहेत. पुष्कळ आहेत. उचलतो, नुसतं माय म्हणतो, एवढंच, आणि लगेच हो दा—