कोरा नमुना

नॉर्थ यॉर्क, फेब्रुवारी २०१७

प्रिय योगेश,

फोनवर बोलायला गेले की तू हसण्यावारी नेतोस, म्हणून लिहितेय. लिहितानाही बूड टेकत नाहीये. चहा ठेवला आणि तो उतू गेला. तू तिकडे मॉन्ट्रियलच्या रस्त्यावर, आणि सोमवारी स्वतःचा ट्रक घ्यायच्या कागदांवर सही करणार.

इंजिनिअरची नोकरी मिळेपर्यंत फक्त एक हिवाळा, असं म्हणून ट्रक धरलास. हा तिसरा हिवाळा. थंडीत इंजिन चालू ठेवूनच त्यात झोपतोस. आणि मी लॅबमध्ये दिवसभर डिझेलच्या काजळीला कोणती विषारी रसायनं चिकटलीत ते शोधते. जगाची काजळी तपासायची आणि घरची सोडायची, हे मला जमेना. तू घरी विसरलेला मफलर उचलला नि लॅबमध्ये नेला. न विचारता नेला म्हणून चिडशील, चीड.

आम्ही प्रत्येक वेळी एक कोरा नमुनाही तपासतो, धूर अजिबात न लागलेला. त्यात काही निघालं नाही, तरच दुसऱ्यातलं खरं मानायचं. त्यासाठी आपल्या अनन्याचा मफलर घेतला. लोकर तीच, आईंनी नागपूरहून दोघांना विणून पाठवलेली. दोन्हींचे कोपरे कापलेत. आईंना काय सांगायचं ते तू बघ.

तुझ्या मफलरमध्ये डिझेलची ओळख पटवणारं रसायन निघालं. ते निघणारच होतं. मग कोरा म्हणून घेतलेला तिचा तपासला, तर त्यातही तेच. भांडी नीट धुतली नसतील म्हणून सगळं पुन्हा केलं. एकाच खुंटीवर टांगतो म्हणून लागलं असेल, अशी समजूतही घालून पाहिली. पण ते तेवढं थोडं नव्हतं.

काल वेणी घालताना अनन्याला विचारलं. तेव्हा कळलं, तुमची शनिवारची लायब्ररी म्हणजे ट्रक उभे करायच्या यार्डातला तुझा ट्रक. हीटरसाठी इंजिन चालू, शेजारीही ट्रक घुरघुरत, आणि मांडीवर गोष्टीचं पुस्तक. आईला सांगायचं नाही असंही ठरलेलं. तुझा भयंकर राग आला. घर सोडून तिथे कशाला जायचं, असं तिला विचारलं, तर म्हणाली, "इट्स वॉर्म इन देअर, आई. अँड बाबा इज इन देअर."

माझा राग तिथेच संपला. आता नुसती भीती वाटतेय. माझ्या पगारात भागवू, तू पुन्हा अप्लाय कर, लागू देत कितीही महिने. पण सोमवारी सही करू नकोस. तिला ट्रक नकोय रे, तू हवायस, आणि तुला भेटायची दुसरी जागा तिला माहीत नाही.

तुझीच,
दीपा