चार पट्ट्यांची टेप

३ मार्च, खिखोन
नेला गेली. बँड सोडून, शुआनला सोडून, माद्रिदला. मला निरोप काय दिला, तर म्हणे, "ऑर्गनवर सिद्राचा ग्लास सांडू नकोस, ओलाया." सख्खी मोठी बहीण! मी म्हटलं, बरं.
शुआन ड्रमपाशी बसून होता. वाजवत नव्हता.

५ मार्च
पाऊस. कालची घेवड्याची फाबादा आज जास्त चांगली लागली.

८ मार्च
शुआन म्हणतो, "टेपवरचा तिचा आवाज पुसायचा. आयनारा गाईल." आयनारा म्हणजे आमची नवी गायिका. गळा बरा आहे, केस मात्र अगदी १९६५चे!
घोळ असा, की आमची टेप चार पट्ट्यांची, म्हणजे आवाज वेगवेगळे ठेवायला चारच ट्रॅक. कॉम्प्युटर नाही, दुसरी प्रत नाही. साठच्या दशकातला आवाज हवा तर सगळं तेव्हासारखंच करायचं, सगळ्यांनी एकाच खोलीत, एका दमात वाजवायचं — हा शुआनचा हट्ट. बाबा तेव्हा जत्रांतल्या नाचाला वाजवायचे. ते हसतात. "आम्ही नवं वाटावं म्हणून जिवाचा आटापिटा केला, आणि तुम्ही जुनं वाटावं म्हणून!"
जागा पुरेना म्हणून नेलाचं गाणं आणि माझा ऑर्गन एकाच पट्टीवर उतरवले होते. आता अंड्याच्या तोर्तियातून मीठ वेगळं काढा म्हणावं.
"तुझा ऑर्गनही जाईल," शुआन म्हणाला. "इतकं चांगलं तू कधी वाजवलं नव्हतंस. तूच ठरव."
मी म्हटलं, पुस. परत वाजवीन. मला काय!

९ मार्च
पुसलं. बटण मीच दाबलं. मग सगळे व्हर्मुट प्यायला गेलो.
माझं चुकलं की नेला वळून बघायची. बरोबर वाजलं की वळायचीही नाही. इतक्या वर्षांत "छान" असं एकदाही नाही. तक्रार नाही, आपलं लिहून ठेवते.

१४ मार्च
दिवसभर ऑर्गन वाजवला. सूर बरोबर. बाकी त्यात काही नाही.

१५ मार्च
आयनारा हेडफोन लावून गायला लागली आणि थांबली. "माझ्या कानात कोण गातंय?"
शुआनने नुसती ड्रमची पट्टी लावली. ड्रमच्या मागे — नेला! बारीक, शेजारच्या खोलीत गात असल्यासारखी. एकाच खोलीत गायलो ना! ड्रमच्या मायक्रोफोनमध्ये शिरली होती. माझा ऑर्गन वायरने सरळ टेपला जोडलेला, तो तिथे कुठेच नाही.
"मग ड्रमही पुसायचे का?" आयनाराने विचारलं.
"थांब जरा," शुआन म्हणाला. गाणं संपलं तरी त्याने टेप बंद केली नाही.

१६ मार्च
काल सगळं लिहिलं नाही. गाण्यानंतर नेला बोलते. मी तेव्हा बाहेर — शेवटचा सूर सुटला की मी सिगारेटला पळते. "शुआन, ऐकलंस? आज ओलायाने जीव ओतला! तिला सांगू नकोस हं, शेफारेल."
काय वाजवलं होतं मी? काही केल्या आठवत नाही.